बाहुली

रविवारची शाळा. दुसऱ्या खोलीच्या खिडक्यांवर
गोणपाट ठोकून आम्ही अंधार तयार केला.
बाहेर माघातलं ऊन बोडीच्या पाण्यावर,
आत एक टॉर्च, एक पट्टी, रक्तदाबाचं यंत्र
आणि बर्फाच्या डब्यात चोवीस बाटल्या,
नाव नसलेल्या. नुसते आकडे.

प्रबंधात मी लिहिलं होतं :
हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करते,
बाहुली विस्फारते.
दोन क्रियापदं, पाठीला पाठ लावून बसलेल्या जावांसारखी.
पैकाबाईंना सांगताना मी म्हणाले,
नळी आवळते, दार उघडते.
"म्हंजे हातपाय आवळाचे अन् डोये उघडे ठेवाचे.
माह्या सासूनं हेच केलं बाई,
तिच्यापाशी औषिध नोतं."

अंगठा घेतला. शाई त्यांनी लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसली.
सहभागी क्रमांक सदतीस.

काही बाटल्या दाट, काही चौपट पातळ.
म्हाताऱ्या काळजाला पातळ पुरेल का,
एवढाच माझा प्रश्न.
कुठली कोणती, ते नागपूरच्या पाकिटात बंद.
त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही.
याला दुहेरी आंधळी चाचणी म्हणतात.
व्हरांड्यात मोतीबिंदूची रांग बसलेली असताना
मी हा शब्द हळूच उच्चारते.

थेंब पडला. पैकाबाई हसल्या.
"पातय हाय हे. ताकात पानी घातलं
तं जिभेले समजते, डोयाले नाही समजनार?"

शून्य मिनिटं, तीन मिलिमीटर.
पंधरा मिनिटं, साडेचार.
उजव्या डोळ्याचं पांढरं निवळत गेलं.
चुलीच्या धुरानं चाळीस वर्षं काढलेल्या लाल रेघा
एकेक करत आत गेल्या,
अंगणात परका पाहुणा आला की पोरी जातात तशा.
तीस मिनिटं, सहा.
पट्टी धरून मी इतकी जवळ गेले
की त्या काळ्यात मीच दिसले, टॉर्चसकट, एवढीशी.
डोळ्यात बाहुली असते, आई सांगायची.
ती समोर बसलेल्याची असते,
हे सांगायचं राहिलं तिचं.

दुपारी बकाराम उईकेंचा दाब चढला.
एकशे अठ्ठ्याऐंशी.
"म्हैस रेटून राहिली छातीत," ते म्हणाले,
आणि मास्तरांच्या टेबलावर आम्ही त्यांना आडवं केलं.
पाऊण तास त्यांचं मनगट माझ्या बोटांत.
भिंतीवर बाराखडी. क, का, कि, की.
की वर आल्यावर मी परत क पासून सुरू करायची.
उतरला. देवाची नाही, घड्याळाची कृपा.
फॉर्मवर याला प्रतिकूल घटना म्हणतात.
वेळ दोन चाळीस. बाटली एकोणीस.
यापुढे थेंब नाही म्हटल्यावर म्हातारा रुसला :
"नावच काटलं का माहं?"

चार वाजता पैकाबाई व्हरांड्यात,
डोक्यावरचा पदर ओढून.
बाहुली साडेसहावरच अडलेली.
"बोडी नाही दिसून राहिली," त्या म्हणाल्या,
"कोनी तरी चुना ओतला तिच्यात."
उतरेल संध्याकाळपर्यंत, मी म्हणाले.
त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.
"हा डोया तुमचा, हा माहा.
आज माह्यावर जातो घरी."
आणि धानाच्या बांधीवरून गेल्या,
एका हातानं माझा डोळा झाकून,
दुसऱ्या हातात चपला.

तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'इतर'.
मी लिहिलं : पाण्यात चुना दिसला.
सरांनी पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं,
हे कशात मोजायचं?

पाकीट उघडायला अजून अकरा दिवस आहेत.
रात्री दिवा घालवून मी आरशासमोर उभी राहते,
मग लावते. माझी बाहुली झटकन मिटते,
कुणी पाहिलं का पाहिलं का करत.